आकाश ओलं असेपर्यंत

"म्हणजे तुम्हाला चालता येतं?"

नवे व्यवस्थापक रंगशाळेच्या दारात उभे होते आणि त्यांची नजर वहिनीच्या पायांवर खिळली होती. वहिनी नुकतीच चाकांच्या खुर्चीतून उठली होती. चपला काठाशी काढून, नुसत्या मोज्यांनी जमिनीवर अंथरलेल्या पडद्यावर गेली होती आणि मधोमध उकिडवी बसून कोळशाने एक लांब रेघ ओढत होती. खुर्ची मागे रिकामी होती. व्यवस्थापकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, पुन्हा खुर्चीकडे. दोघींपैकी कोणीतरी एक खोटं बोलतंय, असा त्यांचा चेहरा होता.

वहिनीने आधी रेघ पुरी केली. मग मान वर न करता म्हणाली, "येतं की."

"मग ही खुर्ची कशाला?"

"ती पण लागते."

मी कोपऱ्यात शिलाई मशिनवर होते. तोंडात दोऱ्याचं टोक धरलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते. मला बोलून बसायची सवय आहे.

आमच्या नाटकघराच्या या रंगशाळेत मी पडदे शिवते आणि वहिनी ते रंगवते. ती माझ्या दादाची बायको. आम्ही तिघं एका घरात राहतो, आणि आम्ही दोघी पुन्हा एकाच छपराखाली काम करतो, त्यामुळे आमच्यात धुसफूस असणार अशी सगळ्यांची आशा असते. ती आम्ही अगदीच मोडत नाही. कापडाच्या पट्ट्या जोडताना माझी शिवण जाड झाली तर त्या रेघेत रंग साचतो. मग वहिनी घरी जेवताना माझ्याकडे न बघता दादाला सांगते, की आज डोंगरातून एक नाला सरळ रेषेत गेला. मी म्हणते, नाला होता म्हणून तो डोंगर आहे हे तरी कळलं. दादा दोघींना पाणी वाढतो.

वहिनीला काय झालंय ते तिच्याकडे बघून कळत नाही. रंग उजळ, हातपाय धड, हसणं खणखणीत. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय, पण माझ्या भाषेत सांगायचं तर तिचं रक्त आळशी आहे. माणूस उभा राहिला की तुमचं-माझं रक्त निमूटपणे डोक्यापर्यंत चढतं. तिचं पायांतच बैठक मारतं. मग काळीज एकटंच धावाधाव करतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तरीही ती उभी राहिली तर जमीन जवळ येते. आडवी झाली की सगळं ठीक. बसली की बरंचसं ठीक. चालत राहिली तर काही वेळ ठीक, कारण पोटऱ्या रक्त वर ढकलत राहतात. एका जागी नुसतं उभं राहणं सगळ्यात वाईट. आणि यातलं काहीही रोज सारखं नसतं, हीच त्यातली खरी मेख.

रोज सकाळी ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते. दादा चहा घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "पाय की चाकं?" ती लगेच उत्तर देत नाही. डोळे मिटून थोडा वेळ आतलं ऐकते. मी उठते तेव्हा माझ्या रक्ताला काही विचारत नाही. ते आहे हेही मला बोटात सुई गेल्याशिवाय आठवत नाही. ही बाई मात्र रोज त्याच्याशी बोलणी करते आणि ठरेल त्याप्रमाणे दिवस आखते. आंघोळ बसून केली तर दुपारी थोडं उभं राहता येईल. केस धुतले तर आज बाजार नाही. इतक्या वर्षांत मी ते बघत आलेय, आणि अजूनही त्या मिटल्या डोळ्यांपुढे मला आपोआप हळू बोलावंसं वाटतं.

पायांच्या दिवशीही खुर्ची बरोबर असते, कारण सकाळचे पाय दुपारी टिकतीलच असं नाही. तेव्हा ती खुर्चीवर पिशव्या लादून तिला ढकलत नेते. बसमध्ये शिरताना उठते, खुर्चीची घडी घालते आणि बसते. लोक बघतात. एकदा दुकानात तिने खुर्चीतून उठून वरच्या फळीवरचा डबा काढला, तर शेजारच्या एक आजीबाई गहिवरल्या. त्यांना वाटलं, आपल्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला. वहिनीने त्यांना समजावून सांगितलं की मी दिवसातून बऱ्याचदा उठते, तर आजीबाईंचा चेहरा उतरला आणि त्या तिला जरा रागावल्याच. आमच्या मावशीने तर तिला मायेने सल्ला दिला होता, की बाहेर जाताना निदान थोडं लंगडत जा, म्हणजे लोकांना बरं वाटेल. वहिनीने आरशासमोर लंगडून बघितलंसुद्धा. मग म्हणाली, "वन्सं, मला नाही हो जमत. नाटकघरात राहून नाटक काही आलं नाही."

रंगशाळेतली माणसं सरावली होती. आमचे सुतारकाका तिला खुर्चीतून येताना पाहिलं की "आज स्वारी रथातून" म्हणत आणि चालत आली की "रथ कुठे ठेवला?" म्हणत. दोन्ही वेळा ते तिच्या वाटेतल्या फळ्या उचलून बाजूला करत. मोठे मास्तर, म्हणजे आमचे मुख्य चित्रकार, काहीच म्हणत नसत. ते मुळात रंगाशिवाय कशावर बोलत नसत. पण त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते. हे नाटक झालं की ते थांबणार होते आणि त्यांच्या जागी कोण, याचा निर्णय नव्या व्यवस्थापकांना घ्यायचा होता.

त्यात हे नाटक आकाशाचं होतं. रंगमंचावर घर नाही, झाड नाही, काही नाही. मागे एक प्रचंड आकाश आणि पुढे माणसं.

आकाश रंगवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला वाटतं तसं नाही. घर रंगवताना भिंत आज करता येते आणि खिडकी उद्या. आकाशाला उद्या नसतो. पडदा जमिनीवर ताणून खिळवायचा, सफेद रंगाचं अस्तर देऊन वाळवायचा, मग पट्ट्यापट्ट्याने ओलवत वरच्या गडद निळ्यापासून खाली क्षितिजाच्या फिकट रंगापर्यंत यायचं. दोघं जण पुढे रंग पसरत जातात, आणि एकाच हाताने लांब दांड्याच्या कुंच्याने एक निळा दुसऱ्या निळ्यात मिसळत न्यायचा असतो. हे सगळं ओलं असेपर्यंत. मध्येच थांबलात की कड वाळते आणि तिथे वळ उठतो. तो वळ पुन्हा जात नाही. मी स्वतः शिवलेलं कापड पुष्कळदा आकाश होताना पाहिलंय. माझं कापड, माझ्या शिवणी, आणि तरी शेवटी मान वर करून बघताना आपण लहान होतो. सवयीने ते कमी होत नाही.

मास्तरांच्या गुडघ्यांना हे आकाश पेलणार नव्हतं. आणि ते वहिनीला हवं होतं. इतकं हवं होतं, की ती त्याबद्दल घरी एक अक्षर बोलत नव्हती.

व्यवस्थापक वाईट नव्हते. त्या दिवशी ते माझ्या स्टुलावर बसले आणि त्यांनी वहिनीचं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं. पण ते हिशेबी माणूस होते. खुर्ची असेल तर खुर्चीची सोय करता येते, नसेल तर प्रश्नच नाही; कधी आहे आणि कधी नाही, याचं काय करायचं ते त्यांना कळेना. नाटकाची तारीख काही सकाळी पलंगावर बसून ठरत नाही, असं ते म्हणाले. म्हणणं खोटं नव्हतं.

"मला एकच उत्तर द्या," ते म्हणाले. "तुम्हाला जमतं की जमत नाही?"

"आकाश ओलं असेपर्यंत जमायला हवं," वहिनी म्हणाली. "तेवढं जमेल."

त्यावर त्यांनी विचार करून आपला निर्णय सांगितला. हा एक पडदा वहिनीने करावा. निभावला तर मास्तरांची जागा तिची. नाही निभावला तर बाहेरून चित्रकार येईल, हे आकाश तो पुन्हा करेल आणि पुढची सगळी आकाशंही त्याचीच. वहिनीने मान डोलावली. मास्तर शेजारी बसून कुंचा धूत होते. त्यांनी तो पुन्हा एकदा धुतला.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कोणी आजारी असल्यासारखे गेले, आणि खरं तर ते उलट होतं. वहिनी साठवत होती. भाजी चिरणं बंद, जिना बंद, पाहुणे बंद. दादाने सगळं अंगावर घेतलं आणि वरणाला मीठ दोनदा घातलं. ती भिंतीला पाय लावून पाठीवर पडायची आणि झाडूचा दांडा छातीवर धरून हवेत फिरवायची, डावीकडून उजवीकडे, एकाच गतीने. मी म्हटलं, छताची जळमटं तरी काढ तेवढ्यात. ती हसली नाही. डोळे उघडे होते, पण त्यांना छत दिसत नव्हतं.

बेत असा ठरला. ती खुर्चीत बसून कुंचा चालवणार, आणि खुर्ची मी ढकलणार. आकाश रंगवताना चित्रकार पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि एकेक पट्टा मागे सरकत खाली येतो. तो चालण्याचा भाग माझा. मी चाकांना स्वच्छ सुती पट्ट्या गुंडाळून टाके घातले, म्हणजे कापडावर खुणा उमटणार नाहीत. रिकाम्या जमिनीवर आम्ही सराव केला. मी जोरात ढकलते, अशी तिची तक्रार. ती जड आहे, अशी माझी. पण गती जमली. सुतारकाका मध्ये मध्ये येऊन बघून जात. आपल्याला काहीच करता येत नाही, याचा त्यांना त्रास होत होता.

ठरलेल्या सकाळी दादाने विचारलं आणि ती म्हणाली, "दोन्ही." दादाने तिचा कप तिच्या हातात दिला आणि स्वतःचा तिथेच विसरून गेला.

रंगशाळेत खिडक्या बंद केल्या होत्या, वारा नको म्हणून. बादल्या काठाने ओळीत मांडल्या होत्या, गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत. दोन रंगारी अनवाणी तयार होते. मास्तर भिंतीशी खुर्ची टाकून बसले, आणि व्यवस्थापक दारात, बूट बाहेर काढून. वहिनीने मान हलवली आणि मी ढकलायला लागले.

मी ते मागून पाहिलं, तिच्या खांद्यावरून. रंगारी रंग ओतून पसरत जात आणि त्यांच्या मागोमाग तिचा कुंचा येई. त्या दोन निळ्यांच्या मधली रेघ तिच्या हाताखाली विरून जाई. ती पुसली जात नव्हती. तिथे कधी रेघ नव्हतीच, असं होत होतं. खुर्चीची गती लागून कुंचा इतका सारखा चालला होता, की एकदा मास्तर उठून उभे राहिले आणि आपल्या गुडघ्यांना विसरून तसेच राहिले. पट्ट्यामागून पट्टा आम्ही खाली येत होतो. रात्र संपत आल्यासारखा तो निळा उकलत होता. मला घाम फुटला होता, हात भरून आले होते, आणि मी मनात म्हणत होते, हे संपू नये.

अर्ध्यावर आलो आणि एक रंगारी थबकला. त्याने पसरलेला रंग एका जागी बसत नव्हता. थेंबाथेंबाने गोळा होऊन बाजूला पळत होता. मग दुसऱ्या जागी तेच. मग दिसलं, की ते डाग एका ओळीत आहेत, खुर्ची ज्या वाटेने गेली त्या वाटेवर.

"तेल आहे," मास्तर म्हणाले.

सुतारकाकांचा चेहरा पाहवत नव्हता. खुर्चीचं एक चाक सरावात कुरकुरत होतं. आकाशाच्या कामात कुरकुर नको, म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी मायेने चाकांत तेल घातलं होतं, सढळ हाताने. रंगशाळेत तेलाला बंदी आहे. मीसुद्धा माझं मशिन बाहेर नेऊन तेल देते. काकांनी तो नियम पाळला होता. खुर्ची उंबऱ्याबाहेर नेली, तिथे तेल घातलं आणि परत आत आणून ठेवली. सगळा नियम पाळून ते तेल आमच्या आकाशात येऊन ठिबकत होतं.

मास्तर हळूच म्हणाले की थांबवू या, वाळू द्या, पुन्हा अस्तर देऊ. सगळ्यांना ठाऊक होतं, की पुन्हा म्हणजे बाहेरचा माणूस. कड वाळायला लागली होती.

वहिनी उठली.

"खुर्ची बाहेर घ्या," ती म्हणाली. "काका, साबणाचं पाणी आणा आणि प्रत्येक डाग घासत चला. माझ्या पुढे राहा. वन्सं, तुम्ही मला अडवायचं नाही."

मी अडवणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिने आधीच कुंचा टेकवला होता, आणि ओल्या आकाशाशी वाद घालून चालत नाही.

ती चालायला लागली. थांबायचं नाही, एवढा एकच नियम तिच्या शरीराने तिला दिलाय, आणि तो तिने त्या दिवशी जसा पाळला तसा मी कधी पाहिला नव्हता. कडेला पोचली की वळताना जागच्या जागी पावलं उचलत राही, पोटऱ्या आवळत, सोडत. पुढे सुतारकाका रांगत होते आणि डाग घासत होते, घासता घासता नाक ओढत होते. साबण लागला तिथे रंग धरायला लागला. तिचा कुंचा त्यावरून तितकाच सारखा गेला. तिचा चेहरा मात्र उतरत होता. आधी ओठांचा रंग गेला, मग गालांचा. मानेवरची शीर मला लांबून उडताना दिसत होती. व्यवस्थापक दारातून दोन पावलं आत आले, पडद्याच्या काठाशी अडले आणि तिथेच उभे राहिले. मला वाटतं, त्यांना तेव्हा पहिल्यांदा तो आजार दिसला. चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दिसला.

मी भीत होते, हे मी सांगून टाकते. पण नुसती भीती नव्हती. तिला तिच्या शरीरातलं सगळं कळत होतं. कुठवर ताणायचं, कधी श्वास घ्यायचा, अजून किती उरलंय. बाहेर ती निळ्यात निळा मिसळत होती आणि आत बुडत चाललेल्या उजेडाशी बोलणी करत होती. दोन्ही कामं एकाच हाताची असल्यासारखी चालली होती. असं काही मी माणसात पाहिलं नव्हतं.

क्षितिजाचा शेवटचा पट्टा उरला तेव्हा ती गुडघ्यांवर आली. थोडं अंतर तसं गेली. मग तिने लांब कुंचा रंगाऱ्याकडे दिला, माझ्याकडे हात करून आखूड कुंचा मागितला आणि पडद्यावर आडवी झाली. ती पडली नाही. पडायच्या आधी आडवं होणं तिला येतं. कुशीवर पडून, हात लांब करून ती तो फिकट रंग वरच्या रंगात चढवत राहिली, आणि थोडं झालं की सरपटत पुढे सरकत राहिली. तिच्या मागे तिच्या अंगाने फिसकटलेला रंग एक रंगारी कापडाने निपटत येत होता. अगदी कडेपर्यंत ती पोचली. कुंचा हातातून सुटला. "झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिला उचलायचं नसतं. हे आम्हाला माहीत आहे. आडव्या माणसाला घाईने उठवलं की पुन्हा सगळं खाली. मी तिच्या पावलांखाली माझी मांडी दिली आणि तसंच बसून राहिले. रक्त आपल्या वेळेनेच येतं. तोवर तिच्याभोवतीचं आकाश वाळत गेलं.

ती उठली तेव्हा तिच्या जागी, क्षितिजाच्या जरा वर, एक लांबट फिकट आकार राहिला होता. त्याच्या कडा मऊ होत्या आणि एका टोकाला तो किंचित वर उचललेला होता. व्यवस्थापक म्हणाले, एवढा भाग झाकून घेता येईल ना? मास्तर गुडघे धरत खाली बसले आणि त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"कुणी हात लावू नका," ते म्हणाले. आणि मग कुणाला शंका नको म्हणून पुन्हा म्हणाले, "कुणीही."

त्या दिवसानंतर वहिनी अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. पाणी घोटघोट, बोलणं शब्दाशब्दाने. मी बाजूला बसून शिवत असे आणि नाटकघरातल्या भानगडी तिला सांगत असे. कधी तिचे ओठ हलत, कधी नाही. तेवढे सगळे दिवस दादाने सकाळचा तो प्रश्न विचारला नाही. चहा आणून ठेवायचा आणि नेताना गार झालेला न्यायचा. एका सकाळी ती कशीबशी पलंगावर उठून बसली, डोळे मिटले आणि आपणच म्हणाली, "चाकं." दादा स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला वाटलं कांदा चिरतोय, म्हणून मी आत गेले, आणि तशीच परत आले.

त्याच दिवशी रंगमंचावर प्रकाशाची तालीम होती. आकाश वर चढवून झालं होतं. मी तिला घेऊन गेले. प्रेक्षागृहाच्या रिकाम्या खुर्च्यांत आमचीच माणसं विखरून बसली होती. सुतारकाकांनी खुर्चीच्या चाकांकडे बघितलं आणि नजर चुकवली. वहिनीने त्यांना जवळ बोलावून सांगितलं, की चाक आता मुळीच कुरकुरत नाही. त्यावर ते हसले, आणि मग बराच वेळ रुमालात तोंड घालून बसले.

दिवे मालवले. काळोखात प्रकाशवाल्याने पहाट आणायला सुरुवात केली. आधी वरचा गडद भाग नुसता जाणवला, दिसला नाही. मग खालून फिकेपणा चढत आला, इतका हळू, की तो येतोय हे कळण्याआधी आलेला असे. माझ्या शिवणी मी शोधल्या, सापडल्या नाहीत. तेलाचे डाग शोधले, तेही नाहीत. आणि मग क्षितिजाच्या वर तो लांबट आकार उजळला. एकटा ढग, रात्रभर तिथेच थांबलेला. पहाट बाकी आकाशात पोचायच्या आधी त्याच्यावर पोचली. त्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मला तो ढगच दिसत होता.

बऱ्याच वेळाने पुढच्या रांगेतून व्यवस्थापकांचा आवाज आला. आपण झाकायला सांगितलेला भाग तो हाच, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मागे न वळता त्यांनी विचारलं, "तो ढग कसा काढलात?"

"काढला नाही, साहेब. तिथे मी निजले होते."

कोणाला हसावं की नाही कळेना. मग व्यवस्थापक म्हणाले, "पुढच्या आकाशाच्या वेळी आधी सांगा. उशीची सोय करू." प्रकाशवाल्याला ते म्हणाले, की पहाट पुन्हा एकदा दाखव. खरं तर तालमीच्या दृष्टीने त्याची काही गरज नव्हती.

पुन्हा काळोख झाला, पुन्हा ते उजळायला लागलं. माझ्या शेजारी हालचाल झाली. वहिनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली होती. मी तिला धरायला हात पुढे केला. तिने तो मान हलवून परत पाठवला. सगळ्यांच्या मधून, रांगांच्या मधल्या वाटेने, ती सावकाश चालत पुढे गेली. रिकामी खुर्ची माझ्याजवळ राहिली. एक रंगारी तिच्या वाटेत होता, त्याने न बघता पाय आत घेतले. व्यवस्थापकांच्या अगदी जवळून ती गेली. ती रंगमंचाच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचली आणि तिथे बसली, पाय जवळ घेऊन, मान वर करून.

ती उठली, चालली आणि बसली, आणि त्या एवढ्या माणसांत कोणीही तिच्या पायांकडे पाहिलं नाही. सगळे वर बघत होते. मग मीही वर पाहिलं.